मंडळ रसायनशास्त्राचे, मग मामा सदस्य का नाहीत?

आमच्या रसायनशास्त्र मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका परवा हाती आली. सदस्यत्वाच्या अटीचा विषय तिच्यात यंदाही नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मंडळ छत्रपती संभाजीनगरचे. सदस्यांत बहुतेक महाविद्यालयांतले प्राध्यापक, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलमध्ये उमेदीची वर्षे घातलेले माझ्यासारखे मोजके लोक. नियमावलीप्रमाणे सदस्य व्हायला रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. ही अट काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते बनले मागच्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी.

पैठण तालुक्यातल्या एका गावात मंडळाने पाणी तपासणीचे शिबिर घेतले होते. गावाची सगळी भिस्त बोअरवर. शाळेच्या ओसरीत टेबल मांडले, ब्युरेट (द्रावण थेंब थेंब सोडायची खुणांची नळी) उभे केले आणि बायका बाटल्या, तांबे, एकजण तर चक्क कळशी घेऊन आली. तिचे म्हणणे साधे होते : "डाळ शिजतच नाही बघा सर, गॅस जळून जातो पण वरण काही होत नाही." पाण्यातले कॅल्शियम डाळीतल्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे दाणा मऊ पडत नाही, हे तिला सांगितले, पण पाणी किती कठीण, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे टायट्रेशनशिवाय (द्रावण थेंबाथेंबाने मोजून घालण्याच्या चाचणीशिवाय) कसे कळणार?

पद्धत कोणत्याही बी.एस्सी.च्या मुलाला पाठ असते. ५० मिलिलिटर पाणी, पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) १० वर टिकवणारे अमोनियाचे द्रावण म्हणजे बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा इंडिकेटर, आणि वरून थेंब थेंब ०.०१ मोलर तीव्रतेचे ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारे रसायन. तांबडा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचे. त्या दिवशी निळा येईचना. मधलाच एक मळकट जांभळा रंग फ्लास्कमध्ये रेंगाळत राहिला. एका प्राध्यापकांनी इंडिकेटरला दोष दिला, दुसऱ्यांनी बोअरच्या लोखंडी पाइपाला, आणि ईडीटीएचे द्रावणच चुकले आहे असे मी छातीठोकपणे सांगितले. (बावीस वर्षे हेच काम केलेला माणूस मी!) खोकी उतरवायला म्हणून आलेले एका कॉलेजच्या लॅबमधले मदतनीस मामा मागे उभे होते. त्यांनी बफरची बाटली उचलली, बूच काढून नाकाशी धरली आणि म्हणाले, "सर, ह्याला वासच राहिला नाही. अमोनिया उडून गेलाय."

ती बाटली गाडीच्या डिकीत उन्हात तापत आली होती. अमोनिया उडाला की पीएच खाली येतो आणि एंड पॉइंट, म्हणजे रंग पालटण्याचा क्षण, धूसर होतो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण वास घ्यायचे कोणालाच सुचले नव्हते. मामांनी येताना जास्तीची सीलबंद बाटली स्वतःहून पिशवीत टाकली होती. ती उघडली आणि शेवटच्या एका थेंबाला रंग लख्ख निळा झाला. आधीचे सहा नमुने पुन्हा केले. कळशीवाल्या बाईंच्या पाण्याला ३१.२ मिलिलिटर ईडीटीए लागले, म्हणजे लिटरला ६२४ मिलिग्रॅम कठीणपणा. भारतीय मानकाप्रमाणे तो २०० पर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा.

मंडळाच्या अहवालात शिबिराचा वृत्तान्त आला, तेव्हा आम्हा चौघांची नावे पदव्यांसकट होती आणि मामा "इतरांचे सहकार्य लाभले" या वाक्यात गेले. ते सदस्य नाहीत, असे उत्तर मिळाले.

दर २ ऑगस्टला आपण आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या तसबिरीला हार घालतो. १९२४ मध्ये कलकत्त्यात इंडियन केमिकल सोसायटी निघाली, तिचे हे पहिले अध्यक्ष. पण त्याआधीच, कॉलेजात शिकवत असतानाच, त्यांनी बेंगॉल केमिकल हा औषधांचा कारखाना उभा केला होता. वर्ग आणि कारखाना एका जन्मात सांभाळणाऱ्या माणसाची जयंती आपण सकाळी ११ वाजता ठेवतो, जेव्हा पहिल्या पाळीचा केमिस्ट प्लँटमध्ये असतो आणि मामा प्रॅक्टिकलची मांडणी करत असतात. मग उरते ते दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि आपणच आपल्याला दिलेली प्रमाणपत्रे. माझ्या आठवणीतले मंडळातले सर्वांत उपयोगी व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला झाले होते. एका पाळीतल्या मुलाने एचपीएलसी या औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा कॉलम (आतली भरीव नळी) का तुंबतो, हे वहीतल्या नोंदींवरून सांगितले होते. तोही सदस्य नव्हता, कारण तो नुसता बी.एस्सी.

अट काढली तर दर्जा घसरेल, असे कार्यकारिणीतल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्या दुपारी दर्जा कोणी राखला, हे त्यांनी सांगावे. पदवीऐवजी प्रयोगशाळेतल्या कामाची पाच वर्षे ही अट ठेवा, वर्गणी निम्मी करा आणि मतदानाचा हक्क पूर्ण द्या, असा ठराव मी लिहून ठेवला आहे. विषयपत्रिकेवर तो घ्यायला दहा सदस्यांच्या सह्या लागतात. आजपर्यंत चार झाल्या आहेत. सही करणाऱ्यांनी मला फोन करावा, कागद घेऊन मी स्वतः येईन.