घराण्यातला कॅन्सर आधी कळून उपयोग काय? पुष्कळ आहे

सोलापुरातल्या घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘घरात एकाला कॅन्सर झाला की पुढच्यांना होणारच. आईचा मुलीला जातो. जेनेटिक टेस्टनं पोरीचं लग्न मोडतं, आणि कळलं तरी हातात काही नसतं.’ लग्नाची काळजी खरी आहे. बाकी सगळं चूक आहे, आणि शेवटचं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे.

‘होणारच’ म्हणे! शंभरातल्या पाच ते दहा कॅन्सरांनाच जन्मतः आलेला जनुकदोष कारण असतो. बार्शीच्या कॅन्सर नोंदणीत १९८७ पासून खेड्यांतले रुग्ण नोंदले जातात. तिथं बायकांमध्ये ठळक दिसलेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूनं होतो. मिश्री-तंबाखूनं होणारा तोंडाचा कॅन्सरही वारशाचा नव्हे. संशय घ्यायचा तो पन्नाशीच्या आत झालेल्या स्तनाच्या कॅन्सरचा, अंडाशयाच्या कॅन्सरचा, पुरुषाच्या स्तनातल्या गाठीचा, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर.

आईचा मुलीला? बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या स्तनाच्या-अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांना मावशीबरोबर आत्याचंही सांगा. पुरुषांनीही हे आपलं नाही असं समजू नये. बीआरसीए२ मधल्या दोषामुळे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आता ‘हातात काही नसतं’ हे. बीआरसीएचा दोष असलेल्या शंभरातल्या सुमारे सत्तर जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. आकडा घाबरवणारा आहे, पण म्हणूनच पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी सांगतात, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. त्यामुळे बीआरसीए१ चा दोष असेल तर मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. लिंच सिंड्रोममध्ये, म्हणजे आतड्याच्या-गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या वारशाच्या दोषात, एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) करून आतड्यातले कोंब कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. आजार झालेलाच असेल, तरी ओलापॅरिबसारखं औषध कुणाला लागू पडेल ते या टेस्टवरून ठरतं. आणि घरातला दोष ज्या बहिणीत सापडत नाही, तिची या जादा तपासण्यांतून सुटका होते. हे मेसेजवाले सांगतच नाहीत.

राहिलं लग्न. पोरीच्या आईबापांची ही धास्ती मी उडवून लावणार नाही. पण रिपोर्ट त्या मुलीचा असतो. तिच्या संमतीशिवाय डॉक्टर तो सासरच्यांना देऊ शकत नाहीत. शिवाय बीआरसीएची टेस्ट लहानपणी करत नाहीत. सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन तिनंच ठरवायचं असतं.

सुरुवात मात्र पोरीपासून करू नका. शक्यतो ज्यांना कॅन्सर झालाय त्यांचं रक्त आधी तपासतात. त्यांच्यात दोष सापडला तर बाकीच्यांत नेमका तोच शोधता येतो. मावशीचे उपचार चालू असतील, तर पुढच्या खेपेला तिच्याच डॉक्टरांना या टेस्टबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र जेनेटिक्स क्लिनिक आहे.