‘सोनं आहे, मग प्रक्रिया कशाला?’

सोलापुरात एमएस्सी फिजिक्सच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘ऑरगॅनिक ट्रान्झिस्टरचे इलेक्ट्रोड सोन्याचे असले की पृष्ठभागावर काही करावं लागत नाही. करायचंच तर कुठलंही थायॉल घ्या, रात्रभर बुडवा. मोबिलिटी वाढली की झालं.’ (थायॉल म्हणजे गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणारा रेणू. मोबिलिटी म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या पट्ट्यात, चॅनेलमध्ये, भार किती सहज सरकतो त्याचं माप.)

सोन्यापासून सुरू करू. निर्वातातल्या स्वच्छ सोन्याचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, 5.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, पण हवेत आलं की हायड्रोकार्बन चिकटतात आणि ते 4.7 पर्यंत उतरतं. पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकात होल (धन भार) ज्या पातळीवर चालतात ती साधारण 5. म्हणजे सोन्यातून आत शिरताना होलपुढे भिंत आलीच. खळ न काढता सूत रंगात घातलं तर काय होतं, हे इथल्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. दुसरी अडचण कडेची: बॉटम-कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोड खाली आणि पेंटासीन वर असताना, पेंटासीनचे रेणू ऑक्साइडवर उभे राहतात, उघड्या सोन्यावर आडवे पडतात. सांध्यावर बारीक दाणे तयार होतात आणि करंट तिथेच अडतो.

कुठलंही थायॉल? साधं अल्केनथायॉल वर्क फंक्शन आणखी खाली नेतं. पी-टाइपला, म्हणजे होलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला, पेंटाफ्लुरोबेंझीनथायॉल हवं. त्याचा डायपोल (रेणूतल्या भारांची दिशा) उलटा, म्हणून वर्क फंक्शन वर जातं. आयटीओ या पारदर्शक ऑक्साइड इलेक्ट्रोडवर मात्र थायॉल नीट धरत नाही, तिथे फॉस्फॉनिक आम्ल.

‘रात्रभर’ हा नियम लांब साखळीच्या अल्केनथायॉलचा. त्यांना रांगेत उभं राहायला तास लागतात. पेंटाफ्लुरोबेंझीनथायॉलला अर्धा तास पुरे. आधी सोनं स्वच्छ करायला यूव्ही-ओझोन 10 मिनिटं, मग इथेनॉलने धुवा, नाहीतर सोन्यावर ऑक्साइड राहतं. फ्यूम हूडमध्ये 20 मिली इथेनॉलमध्ये 27 मायक्रोलिटर हेच थायॉल टाकलं की 10 मिलिमोलर द्रावण होतं. झाकण घट्ट लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या बशीतलं इथेनॉल बघता बघता उडतं. बाहेर काढल्यावर भरपूर इथेनॉलने धुवा, नायट्रोजनने वाळवा, लगेच पेंटासीन चढवा. डायलेक्ट्रिकवर (गेटवरच्या इन्सुलेटर ऑक्साइडवर) एचएमडीएस हे पाणी झटकणारं लेपन लावायचं असेल तर ओझोन त्याच्या आधी. ओझोन नंतर लावला तर एचएमडीएसचा थरच जळतो.

राहिली मोबिलिटी. थायॉलमुळे चॅनेलच्या मधला पदार्थ बदलत नाही. कॉन्टॅक्टचा, म्हणजे सोनं-पेंटासीन सांध्याचा, रोध घटतो, म्हणून आकडा फुगतो. 100 मायक्रोमीटरच्या चॅनेलवर फरक जवळपास दिसतही नाही, आणि मग ‘उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. 5, 10, 20, 50 मायक्रोमीटरची उपकरणं घ्या. ड्रेन व्होल्टेज कमी ठेवा, थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज) वजा केलेलं गेट व्होल्टेज सगळीकडे सारखं. रोध गुणिले रुंदी विरुद्ध लांबी असा आलेख काढा, रेघ शून्य लांबीपर्यंत न्या. तिथला छेद म्हणजे दोन्ही कॉन्टॅक्टचा रोध. उतार चॅनेलचा रोध सांगतो. छेद खाली आला आणि उतार तसाच राहिला, तर प्रक्रिया लागू पडली. उतारही बदलला असेल तर आधी डायलेक्ट्रिक तपासा.