नाही म्हणा, पण सांगा

आज चाकणला मुलाखतीला जाऊन आलो. डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय.

गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, मोबाइल, कुणाला भेटायचंय, कंपनी. असली रजिस्टरं मी 17 वर्षं भरली आहेत. सप्लायर ऑडिट असो की कस्टमरची कम्प्लेंट, चाकण, रांजणगाव, तळेगाव, रात्री-अपरात्री. आजही हाताने सवयीने जुन्या कंपनीची पहिली दोन अक्षरं लिहून टाकली. मग खोडली. दोरीला बांधलेलं ते पेन धरून नुसता उभा राहिलो. मागे दोन ड्रायव्हर चलन घेऊन खोळंबलेले. वॉचमन म्हणाला, "साहेब, रकाना रिकामा चालत नाही. काहीतरी लिहा."

काय लिहू?

सकाळी 10 ची वेळ दिली होती. दीड वाजता एक मुलगी आली आणि म्हणाली, "सॉरी सर, पोझिशन होल्डवर गेलीये. कालच ठरलं." काल ठरलं तर काल एक फोन करता येत नव्हता? मी साडेसातला घर सोडलं, मोशीच्या पुढे पाऊण तास बसमध्ये अडकलो. बायकोने सकाळी उठून शर्टाला इस्त्री केली होती.

सात महिने झाले. कुठे कुठे अर्ज केले ते एक्सेलमध्ये लिहून ठेवतो, क्वालिटीवाल्याची सवय. 83 अर्ज, 11 उत्तरं. बाकी 72 जणांनी साधं 'नको' सुद्धा कळवलं नाही. यातल्या चार ठिकाणी तर मी दोन-दोन राउंड देऊन आलोय. "आम्ही कळवतो" म्हणाले. अहो, आमच्याकडे पाच रुपयांचा बुश रिजेक्ट केला तरी त्याला लाल टॅग लागतो. टॅगवर कारण लिहावं लागतं, खाली सही करावी लागते. माणसाला दोन ओळींचा मेल लिहायला काय जड जातं?

एका जागेला शेकड्यांनी बायोडाटा येतात, मान्य. त्या मुलीच्या हातातही काही नव्हतं, बिचारीचा चेहरा उतरला होता. पण ज्याला घरून बोलावून घेतलंय त्याला तरी सांगाल की नाही?

आणि "आधीची नोकरी का सोडली?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. कोण सोडतं हो 44 व्या वर्षी, मुलगी दहावीला असताना? केबिनमध्ये बोलावलं, टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला. "सही करा, रेकॉर्ड स्वच्छ राहील." मी केली. म्हणजे कागदावर मी स्वखुशीने बाहेर पडलो. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावी असं कायद्यात आहे, मला ती चौथ्या महिन्यात मिळाली, तीही मागे लागून लागून. तुमच्यापैकी कुणापुढे असा कागद आला तर त्याच खुर्चीत बसून सही करू नका. घरी न्या, जाणत्या माणसाला दाखवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

नातेवाईकांचं बोलणं तर विचारूच नका. "स्वतःचं काहीतरी सुरू कर ना." कशाच्या जिवावर? घराचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो.

अण्णा मात्र काही बोलत नाहीत. रविवारी पेपरमधलं नोकऱ्यांचं पान घडी करून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवतात आणि फिरायला निघून जातात. जाहिराती आता सगळ्या मोबाइलवर येतात हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही. मी ते पान वाचतो. शेवटपर्यंत वाचतो.

बाहेर पडताना आउट टाइम लिहायला परत तेच रजिस्टर, तेच पान. माझ्या खोडलेल्या रकान्यात वॉचमनने त्याच्या अक्षरात 'चिंचवड' लिहून ठेवलं होतं. मी कुठून आलो ते त्याने सकाळी बोलता बोलता विचारलं होतं. म्हणाला, "झालं का काम, साहेब?" मी म्हटलं, "नाही झालं." त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. दिवसभरात त्या कंपनीत मला पाणी विचारणारा तो एकटाच.

तर, तुमच्यापैकी जे भरतीच्या कामात आहेत त्यांना हात जोडून सांगतो. उद्या ऑफिसला गेलात की, ज्यांना 'कळवतो' म्हणालात त्या सगळ्यांना कळवून टाका. ती माणसं फोन चार्जिंगला लावताना सुद्धा उशाशी ठेवतात.

आणि मशीन शॉप, फोर्जिंग, कुठेही क्वालिटीत जागा असेल तर मला मेसेज करा. रांजणगाव, तळेगाव, सणसवाडी, कुठेही येईन. नसेल तर तसंही लिहा. 'नाही' एवढंच लिहिलंत तरी चालेल.