कारण सांगा, मग टिकली काढते

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. रविवारी इथल्या दुपारी, म्हणजे ठाण्यात दिवेलागणीला, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. माझी भाची वाशीच्या एका मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर नुकतीच लागली आहे. दुसऱ्याच आठवड्यात फ्लोअर मॅनेजरने तिला सांगितलं, टिकली काढून येत जा, ब्रँडच्या लूकमध्ये बसत नाही. ताईने हे ग्रुपवर टाकलं मात्र, सगळे तुटून पडले. मामा म्हणाले, महाराष्ट्रात टिकली चालत नाही म्हणजे काय? भावोजींचं म्हणणं, दुकान त्याचं, पगार तो देतो, मग नियमही त्याचाच. चुलतभावाने लिहिलं, युरोपात बघा, स्कार्फ घालून कुणी काउंटरवर उभं राहून दाखवावं. त्याच्या बायकोने लगेच लंडनच्या पगडीवाल्या पोलिसाचा फोटो टाकला. शेवटी दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला ओढलं: तू तिथे दुकानातच काम करतेस ना, सांग बघू.

दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी नौपाड्यातली. बारावी झाल्यावर, 1996 साली, राम मारुती रोडजवळच्या एका साड्यांच्या दुकानात लागले. शेठचा नियम असा की आम्ही पाचही मुलींनी एकसारखी साडी नेसायची, ती त्याच्याच दुकानातून घ्यायची आणि तिचे पैसे दिवाळीच्या बोनसमधून वळते व्हायचे. पायात चप्पल नाही. सकाळी दहा ते रात्री साडेआठ थंडगार फरशीवर अनवाणी उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही. हे का, असं विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. नोकरी म्हणजे असंच असतं, असं धरून चाललो होतो.

लेस्टरला आले आणि पहिली नोकरी मिळाली सुपरमार्केटच्या बेकरीत. पहिल्या दिवशी सुपरवायझरबाईने एक छापील कागद हातात ठेवला. बांगड्या नाहीत, गळ्यात काही नाही, नेलपॉलिश नाही, बोटात साधी वळ्याची अंगठी तेवढी चालेल. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. बाईंनी कणीक मळायच्या यंत्राकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, एखादा मणी तुटून यात पडला आणि कुणाच्या लेकराच्या घशात अडकला तर? मी तिथल्या तिथे मंगळसूत्र काढून पाकिटात ठेवलं. वाईट वाटलं, पण अपमान झाल्यासारखं वाटलं नाही. दोन वर्षांनी मला कपड्यांच्या विभागात हलवलं. त्या दिवशी मी कुणालाही न विचारता ते परत गळ्यात घातलं, आणि कुणी काही बोललंही नाही. तिथे कणीक नव्हती.

नियम चांगला की वाईट हे मी आजही याच मापाने मोजते. कारण काय आहे, आणि ते खरं आहे का?

ब्रिटनचा 2010 चा समानता कायदा साधारण हेच विचारतो. सगळ्यांना सारखाच लावलेला नियमसुद्धा एखाद्या धर्माच्या माणसांना जास्त जाचत असेल, तर त्यामागे रास्त हेतू आहे आणि त्या हेतूसाठी एवढी सक्ती गरजेची आहे, हे मालकाने दाखवायचं. कायदा येण्याच्या काही वर्षं आधी लंडनमधल्या एका हेअर सलूनने स्कार्फ बांधणाऱ्या मुलीला नोकरी नाकारली होती. मालकिणीचं म्हणणं, आमच्याकडे केसच दिसले पाहिजेत, ती आमची जाहिरात. न्यायाधिकरणाने विचारलं, स्कार्फमुळे धंदा बुडेल याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. मुलीला 4,000 पौंड भरपाई मिळाली. जानेवारी 2013 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकाच निकालात दोन क्रॉसवाल्या बायकांचे दोन वेगळे निवाडे केले. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरची कर्मचारी जिंकली, कारण तिच्या गळ्यातल्या छोट्या क्रॉसने कंपनीच्या नावाला बट्टा लागतो हे दिसलं नाही. रुग्णालयातली नर्स हरली, कारण साखळी रुग्णाच्या हातात येऊ शकते किंवा जखमेला लागू शकते. खूण तीच, देवही तोच. माझ्या बेकरीतल्या बाईंनी यंत्राकडे बोट दाखवून मला हेच शिकवलं होतं.

चुलतभावाचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै 2021 मध्ये जर्मनीतल्या म्युलर या साखळी दुकानाच्या एका कर्मचारी बाईच्या प्रकरणात सांगितलं की धर्माच्या दिसणाऱ्या खुणा दुकानात नकोत, असं मालक म्हणू शकतो. पण त्यालाही अट आहे. खरी गरज दाखवायची, आणि बंदी सगळ्यांवर सारखी. फक्त मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या खुणांवर बंदी घालून बाकीच्या चालू ठेवल्या, तर तो सरळ भेदभाव ठरू शकतो. म्हणजे स्कार्फ बंद आणि गळ्यातला बारीक क्रॉस चालू, असं तिथेही चालत नाही. आणि वहिनीने टाकलेल्या फोटोतल्या पगडीबद्दल सांगायचं, तर तीही कुणी प्रेमाने बहाल केलेली नाही. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या शीख बसड्रायव्हरांना पगडी आणि दाढीसाठी 1967 पासून 1969 पर्यंत भांडावं लागलं, मोर्चे काढावे लागले, तेव्हा कुठे बंदी उठली.

आपल्याकडे एक गोष्ट फार विचित्र आहे. राज्यघटनेच्या 15 व्या कलमानुसार धर्म, जात, लिंग या कारणांवरून कुणालाही दुकानात शिरण्यापासून अडवता येत नाही. म्हणजे मॉलमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर काय आहे, डोक्यावर काय आहे, यावरून त्याला कुणी बाहेर काढू शकत नाही. पण काउंटरच्या आत उभ्या असलेल्या मुलीला घटनेचा असा थेट आधार नाही, कारण नोकरीतल्या समान संधीचं 16 वं कलम सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे. काउंटरच्या फळीच्या या बाजूला हक्क आणि त्या बाजूला मालकाची मर्जी. भावोजींचं ‘दुकान त्याचं’ हे वाक्य या फटीतूनच येतं.

आता भाचीच्या दुकानातलं सांगते. ही ठाण्याहून वाशीची लोकल पकडते. कोपरखैरणे गेलं की टिकली काढून आयकार्डच्या मागच्या बाजूला चिकटवते. व्हिडिओ कॉलवर तिने मला ते कार्ड दाखवलं. पाठीमागे गोंद गेलेल्या सात-आठ टिकल्या ओळीने लावलेल्या, एक मरून, बाकी काळ्या. तिच्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी मुंब्र्याहून येते. ती घरून निघताना बांधलेला स्कार्फ लॉकरमध्ये घडी करून ठेवते आणि सुटल्यावर परत बांधते. दोघींनाही नियम तोंडीच सांगितला गेला आहे. कागद कुणी पाहिलेला नाही.

आमच्या ग्रुपवर टिकलीसाठी साठ-सत्तर मेसेज आले. त्या मुलीच्या स्कार्फबद्दल भाचीने लिहिलं, त्यावर एकही नाही. मामांनी तर विषयच बदलला. मला मामांना मनापासून सांगायचं आहे की, मामा, टिकलीची बाजू तुम्हाला जिंकायची असेल तर ती त्या मुलीला सोबत घेऊनच जिंकता येईल. ऑगस्ट 2024 मध्ये चेंबूरच्या कॉलेजने हिजाबवर घातलेल्या बंदीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजला उलट हेच विचारलं होतं, की टिळा लावलेल्या मुलीलाही तुम्ही असंच अडवाल का?

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘टिकली ब्रँडमध्ये बसत नाही’ म्हणणाऱ्या त्याच दुकानाने मुलींना निरोप दिला आहे की गुढीपाडव्याच्या आठवड्यात सगळ्यांनी नऊवारी, नथ आणि चंद्रकोर लावून यायचं. शिवलेली नऊवारी भाड्याने आणायची, भाडं आपलं आपण द्यायचं. मुंब्र्याच्या मुलीनेसुद्धा. म्हणजे कपाळ मोकळं ठेवायचं तेही दुकान सांगेल आणि चंद्रकोर लावायची तेही दुकानच सांगेल. यात संस्कृतीचा मान कुठे आहे? सणाला तोरण लावावं तसं मुलींना लावलं आहे.

भावोजींची एक गोष्ट मला मान्य आहे. गणवेश असावा. साड्यांच्या दुकानात आम्हा पाचजणींत दोघींच्या घरी नेसायला धड दोनच साड्या होत्या. एकसारखी साडी आल्यावर त्यांच्याकडे कुणी त्या नजरेने बघेनासं झालं. आजही मला माझ्या दुकानाचा अंगरखा आवडतो. सकाळी काय घालू, हा प्रश्न तो मिटवतो. तक्रार आहे ती त्याच्या पैशांची आणि पायांची.

भाचीला काळे, बंद, साधे बूट सक्तीचे आहेत. तिने स्टेशनबाहेरून सातशे रुपयांना घेतले. टाचेमागे कातडी सोलून निघाली आहे. गाडीत बसायला मिळालं तर बँडेजची पट्टी बदलते, नाही मिळालं तर तशीच जाते, आणि मग नऊ तास उभी. ब्रिटनमध्ये सक्तीच्या कपड्यांचा खर्च किमान वेतनातून वजा धरतात. तो धरल्यावर पगार किमानच्या खाली गेला, तर मालक दोषी. काळी जीन्स किंवा स्कर्ट स्वतःच्या पैशाने आणायला लावल्यामुळे 2018 मध्ये एका मोठ्या रेस्टॉरंट साखळीचं नाव सरकारने जाहीर यादीत टाकलं आणि तिला दोन हजारांवर कामगारांचे पैसे परत करावे लागले. पण कायद्याचा असा धाक दाखवायला परदेशच कशाला हवा? कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या सेल्सगर्ल एकत्र आल्या, वर्षानुवर्षं भांडल्या आणि 2018 मध्ये केरळने दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तामिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. त्या बायका माझ्यासारख्याच दुकानात उभ्या राहणाऱ्या होत्या, कुणी परदेशातून जाऊन त्यांना शिकवलं नव्हतं.

इथे ब्रिटनमध्ये सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. माझ्यासोबतची एक सोमाली बाई लांब बाह्यांचा अंगरखा मागायला आठ महिने घाबरत होती, कारण तिचे कामाचे तास दर आठवड्याला ठरतात आणि मागणी केली की तास कमी होतील अशी तिला भीती. शेवटी मागितला, तर दुसऱ्या दिवशी मिळाला. हक्क असूनही आठ महिने.

भाचीला मी तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत, त्याही ईमेलवर, आणि मुंब्र्याच्या मैत्रिणीचं नाव सोबत घालून, तिची तयारी असेल तर. नियम कुठे लिहिला आहे? टिकली आणि स्कार्फ नको याचं कारण काय? बूट आणि नऊवारीचे पैसे कोण देणार? मैत्रीण आधी नको म्हणाली, मग दोन दिवसांनी हो म्हणाली. मेल मंगळवारी गेला. मॅनेजरने ‘वरून आलंय’ एवढंच तोंडी सांगितलं आहे, लेखी उत्तर अजून नाही.

ताई, बूट दुकानानेच द्यायला हवेत. पण ते देईपर्यंत तिच्या टाचा थांबणार नाहीत. पैसे पाठवले आहेत. स्टेशनबाहेरचे नकोत, मऊ तळाचे घे, आणि एक नंबर मोठे.