‘मोठं इंजिन टाका, मग ही बग्गी कोणाला ऐकत नाही’

नायट्रो रेसिंगमध्ये, म्हणजे नायट्रो इंधनावर धावणाऱ्या छोट्या रिमोट-कंट्रोल गाड्यांच्या (बग्गींच्या) शर्यतीत, नव्याने उतरणाऱ्याच्या हाती एक सल्ला हमखास पडतो, आणि तो उत्साहाने पुढेही पाठवला जातो: "महागड्या बग्गीत तुम्ही फक्त नावाचे पैसे मोजता. रचना सगळ्यांची एकच. स्वस्तातली रेडी-टू-रन (पेटीतून तयार निघणारी) घ्या, मोठं इंजिन टाका, जे तुटेल ते हळूहळू चांगलं बसवत जा. मग ती रेसमध्ये कोणाला ऐकत नाही." यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच हा सल्ला इतका फिरतो.

आधी ते खरं बघू. "रचना एकच." कागदावर हो. 1:8 मापाची (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढी) कुठलीही बग्गी घ्या: चारही चाकांना शाफ्टने ताकद, पुढे-मध्ये-मागे असे तीन डिफ (चाकांना ताकद वाटणारे डिफरन्शियल), चार ऑइल शॉक, डिस्क ब्रेक. क्योशोची रेडी-टू-रन ‘इन्फर्नो निओ’ तर त्यांच्याच जुन्या रेसिंग इन्फर्नोवर बेतलेली आहे. पण फरक फोटोत दिसत नाही अशा जागी असतो. रेसच्या बग्गीची चॅसी (खालची मुख्य पाटी) बहुधा 7075 अ‍ॅल्युमिनियमची असते. मऊ धातूची चॅसी काही वाईट उड्यांनंतर वाकते आणि मग गाडी सरळ धावायचं नाव घेत नाही. अनेक स्वस्त गाड्यांत चाकाला वरून धरणारे लिंक (दांडे) ठरावीक लांबीचे असतात, म्हणजे कॅम्बर (चाकाचा कल) बदलायचा म्हटलं तरी बदलता येत नाही. चाकं धरणारे आर्म आणि त्यांच्या पिनमध्ये ढिलाई असते.

आणि डिफ. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. डिफमध्ये सिलिकॉन ऑइल भरतात, पुढे एक जाडी, मध्ये दुसरी, मागे तिसरी. वळणात गाडी कशी वागणार हे बरंचसं तिथे ठरतं. सील कच्चे असले की ऑइल झिरपतं. पहिल्या पाच मिनिटांत शहाण्यासारखी वळणारी गाडी विसाव्या मिनिटाला पुढून घसरते किंवा मागून फिरते, आणि चालवणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. नायट्रोची फायनल अर्धा-पाऊण तास चालते. पहिल्या लॅपला गाडी जशी होती तशीच शेवटच्या लॅपला राहणं, चांगल्या बग्गीत पैसे मोजले जातात ते यासाठी. टॉप स्पीडचा इथे फारसा संबंध नाही.

"मोठं इंजिन टाका." इथे सल्ला सरळ नियमावर आपटतो. 1:8 ऑफ-रोड बग्गीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत इंजिनाची मर्यादा 3.5 सीसी आहे, म्हणजे ज्याला सगळे (घन इंचांत) .21 म्हणतात ते. .28 चं इंजिन साधारण 4.6 सीसीचं, हे नियम पाळणाऱ्या रेसमध्ये ते तपासणीलाच अडकेल. बरं, नियम नसता तरी काय? टाकी 125 सीसीची. समजा एक जण 10 मिनिटांनी इंधन भरतो, तर 45 मिनिटांच्या फायनलमध्ये त्याला 4 वेळा पिटमध्ये यावं लागतं. मोठ्या इंजिनामुळे 7 मिनिटांत टाकी रिकामी करणारा 6 वेळा येतो. मातीच्या ट्रॅकवर वळणं आणि उड्याच जास्त, सरळ पट्टा छोटा. तिथे कमावलेलं पिटच्या त्या दोन जास्तीच्या खेपांत निघून जातं. शिवाय वाढलेली ताकद जुन्याच दोन-शूच्या क्लचवर, जुन्याच ब्रेकवर आणि प्लास्टिक गिअरच्या सर्वोवर (स्टिअरिंग, ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) येते. स्टिअरिंगचा सर्वो कमजोर असेल तर इंजिन कितीही ओरडो, पुढची चाकं वेळेवर वळत नाहीत. मला विचाराल तर स्वस्त बग्गीत पहिला बदल सर्वोचा, दुसरा टायरचा. इंजिनाचा नंबर फार नंतर.

"जे तुटेल ते चांगलं बसवा." म्हणजे बहुतेकदा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे आर्म. प्लास्टिकचा आर्म धक्का बसला की लवतो, फार तर मोडतो, आणि पाच मिनिटांत बदलता येतो. धातूचा आर्म लवत नाही. तो धक्का पुढे बल्कहेडकडे (आर्म ज्यावर बसतो तो भाग) किंवा शॉक टॉवरकडे ढकलतो. मग महागडा आर्म शाबूत आणि त्याच्यामागचं सगळं तुटलेलं. असे दोन-तीन हंगाम हप्त्याहप्त्याने खर्च केला की एकूण आकडा रेस किटच्या (स्वतः जोडायच्या रेस बग्गीच्या) जवळ पोचतो आणि हातात गाडी मात्र तीच राहते.

"नावाचे पैसे." अंशतः कबूल. रंगीत अ‍ॅनोडायझिंग आणि ‘लिमिटेड एडिशन’ची पेटी ही निव्वळ हौस. पण नावासोबत सेटअप शीट (गाडी कशी जुळवायची याचा तक्ता) येते, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात, आणि तीच गाडी चालवणारा कोणीतरी पिटमध्ये शेजारी असतो. फायनलच्या आधी चाकाचा हब मोडला तर हा शेजारी फार मोलाचा.

महाग बाजूचे वकीलही एक गोष्ट सांगत नाहीत, तीही इथेच नोंदवतो. रेस किटच्या पेटीत इंजिन नसतं, एक्झॉस्ट पाइप नसतो, सर्वो, ट्रान्समीटर, स्टार्टर बॉक्स काही नसतं, बहुधा टायरसुद्धा नसतात. त्यामुळे पेटीची पेटीशी तुलना दोन्ही बाजूंनी खोटी. आणि निडल लावणं (इंधन-हवेचं मिश्रण जुळवणं), कार्ब्युरेटर समजून घेणं, एअर फिल्टर प्रत्येक वेळी स्वच्छ करून तेलवणं हे शिकायला स्वस्त रेडी-टू-रन अगदी पुरेशी आहे. धूळ आत गेली तर महागडं इंजिनही तितक्याच वेगाने मरतं, आणि क्लच बेलची बेअरिंग तर सगळ्यांचीच जातात.

रेसच करायची असेल आणि पैसे मोजके असतील, तर मी नव्या स्वस्त गाडीपेक्षा एक पिढी जुनी, वापरलेली रेस बग्गी घेईन. घेताना चॅसी उलटी करून किती घासली आहे ते बघा, डिफच्या आउटड्राइव्हमध्ये (शाफ्ट जिथे अडकतो तिथे) खाचा पडल्यात का ते बघा, चाक धरून हलवा. सोबत इंजिन देत असतील तर ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) काढा आणि थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला किंचित अडला पाहिजे. सुळकन फिरला तर त्या इंजिनाची किंमत शून्य धरून भाव करा, आणि 3.5 सीसीचं साधं, नवं इंजिन घ्या.