साडेअकरा सेंटीमीटरचा सामंजस्य करार

मेळघाटात कुपोषणावर काम करायचं ठरवलंत, अभिनंदन. धारणी आणि चिखलदरा असे दोनच तालुके आहेत, पण तिथे एकट्यानं जाऊ नका. चारपाच संस्थांनी हातात हात घालून जावं. एकट्या संस्थेच्या गावात मूल दगावलं तर विचारणा होते, पाच संस्थांच्या गावात दगावलं तर तो 'समन्वयाचा मुद्दा' होतो आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर जातो.

आधी करार करा. लोगो कोणत्या क्रमानं लावायचे यावर दोन बैठका सहज निघतात, त्या घाईत उरकू नका. मुलांची वजनं कोण घेणार या कलमाला मात्र पाच मिनिटं पुरतात. 'सर्व भागीदार संयुक्तपणे' असं लिहून टाका. संयुक्तपणे म्हणजे अंगणवाडीताई, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्याकडे रजिस्टरं आहेत, पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप आहे, टीएचआरचं म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं वाटप आहे आणि मधूनमधून घरोघरचे सर्व्हेही आहेत. त्यात आपलं एक अ‍ॅप घाला. ते नेटवर्कशिवाय चालू नये एवढं बघा, म्हणजे ताई रेंज शोधत टेकडी चढेल आणि तिच्याही आरोग्याचं काम होईल.

सादरीकरणाची पहिली स्लाइड तयारच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के होती आणि २०१९-२१ मध्येही २५.६ टक्केच. दशांशसुद्धा हलला नाही. तीव्र लुकडी मुलं मात्र ९.४ वरून १०.९ वर गेली. या स्लाइडवर फार वेळ थांबू नका. या काळातही करार झाले होते का, असं एखादा विचारून बसतो.

मग निकष ठरवा, म्हणजे ठरवू नका. एका संस्थेनं वयानुसार वजन धरावं, दुसरीनं उंचीनुसार वजन, तिसरीनं दंडघेर. तिन्ही निकष शास्त्रशुद्ध आहेत, फक्त ते तीच ती मुलं पकडत नाहीत. खुजं मूल वयाच्या हिशोबानं लाल रंगात आणि उंचीच्या हिशोबानं हिरव्यात असू शकतं. दंडघेरात वयानं लहान मुलं जास्त सापडतात. अशा तीन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणीच उपचाराला न पाठवलेलं मूल दिसू लागतं, म्हणून याद्या एकत्र करू नका. विदा गोपनीय असते.

आता टेप. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, टेपेवर लाल. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, टेपेवर पिवळं. पद्धत सोपी आहे. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढून पेनानं खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि टेप त्वचेला नुसती टेकेल इतपत गुंडाळायची. फार आवळली तर हिरवं मूल लाल होतं, ढिली ठेवली तर लाल मूल हिरवं होतं. तुम्हाला काय हवं ते तुम्हीच ठरवा. पण खरी किमया झेरॉक्सच्या दुकानात आहे. छापील टेपा कमी पडल्या की ताई एका टेपेची झेरॉक्स काढते. यंत्र कागदावर मावावं म्हणून प्रत थोडी लहान करतं, समजा ९७ टक्के. आता 'साडेअकरा'ची रेघ प्रत्यक्षात ११.१५ वर आली. ज्या पोराचा दंड ११.२ आहे, ते काल लाल होतं, आज पिवळं झालं, आणि मधे त्यानं एक घासही जास्त खाल्लेला नाही. तीन टक्क्यांच्या झेरॉक्सनं जे होतं ते तीन वर्षांच्या प्रकल्पानं होईलच असं नाही. नवी झेरॉक्स टेप पट्टीवर ठेवून तपासायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट वाचवा.

उंचीतही वाव आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची असते. त्याला उभं करा, सरासरी ०.७ सेंटीमीटर कमी भरतं, आणि उंची कमी झाली की तेच वजन बरं दिसू लागतं. वजन करताना स्वेटर आणि पायातले वाळे राहू द्या, थंडी असते. उंचीच्या वेळी मात्र डोक्यावरची वेणी जरूर सोडायला लावा, तिनं उंची वाढते आणि मूल उगाच वाळलेलं दिसतं. पायाला अंगठा लावू नका. दोन्ही पावलांवर तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर ती सूज. मग वजन काट्यावर कितीही चांगलं दिसो, मूल थेट दवाखान्यात न्यावं लागतं, आणि त्या दिवशी गाडी पाहुण्यांना आणायला गेलेली असते.

लोकसहभाग विसरू नका. पाककृती स्पर्धा घ्या. चाळीस ताटं, गाजराची फुलं, तिरंगी ढोकळा, मधोमध बीट कोरून केलेलं कमळ. परीक्षक चाखतात, फोटो निघतो. ज्याच्यासाठी हे सगळं, ते आठ महिन्यांचं पोर कडेवर झोपलेलं असतं. त्याला ना ढोकळा चावता येतो, ना घरी बीट येतं. त्याला लागते घट्ट पेज, चमचा वाकडा केला तरी ओघळणार नाही अशी. घरी मिळतं ते वरणाचं वरचं पाणी, कारण 'बाळाला घट्ट पचत नाही' हे आजीनं सांगितलेलं असतं आणि ते खोडून काढायला स्पर्धेत वेळ मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज साधारण २०० किलोकॅलरी लागतात. चहाच्या चमच्याभर तेलात ४५ असतात. म्हणजे कोदो-कुटकीच्या पेजेत एक चमचा तेल घातलं की जवळजवळ पाव काम झालं. पण तेलाच्या चमच्याचा फोटो चांगला येत नाही.

मातांचं समुपदेशन सकाळी अकराला ठेवा. त्या वेळी माता सोयाबीनच्या निंदणीला असतात, त्यामुळे सभा शांततेत पार पडते. घरी धाकट्याला सांभाळणारी सात वर्षांची बहीण येईल, तिचा अंगठा घ्या. फलक शुद्ध मराठीत हवेत. 'पूरक आहार' हा शब्द ढाण्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, कोरकू आदिवासी आईला कळला नाही तर ती जागृतीची गरज म्हणून पुढच्या प्रस्तावात लिहिता येते. भुमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, बैठकीला बोलावू नका. रात्री पोराला हगवण लागली की आई आधी त्याच्याकडे जाते, तो सकाळी दवाखान्यात पाठवू शकतो, पण त्याच्याकडे लेटरहेड नाही.

पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पहिला हप्ता दिवाळीच्या सुमाराला येतो. त्याच वेळी माणसं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. तेव्हा पाहणी डिसेंबरात करा. घरांना कुलपं, मुलं कमी, त्यामुळे कुपोषितही कमी. जून ते सप्टेंबर, जेव्हा कोठीतलं धान्य संपलेलं असतं, ओढे भरलेले असतात आणि ताप-हगवण घरोघर असते, तेव्हा अहवाल लिहायला घ्या.

एखादं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात पोचलंच तर चौदाव्या दिवशी घरी येईल. त्याआधी आई निघून आली तर रजिस्टरात 'पळून गेली' असं लिहायचं. घरी तिची आणखी दोन लेकरं आहेत आणि त्यांना भाकरी कोण थापतं, हा रकाना रजिस्टरात नाही. पूर्ण दिवस राहिली तर पंधरा पंधरा दिवसांनी चार फेरतपासण्या असतात. सुट्टीची चिठ्ठी आईच्या पिशवीत राहू द्या. ती अंगणवाडीताईला मिळाली तर ताई घरी जाऊन वजन घेईल, आणि मग चारातली तिसरी तपासणी कोणत्या संस्थेची होती यावरून भांडण लागेल.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प गावाच्या स्वाधीन करा. ग्रामपंचायतीत नारळ फोडा, डिजिटल वजनकाटा सरपंचांच्या हाती द्या. काट्यात दोन सेल लागतात, ते कोणी आणायचे हे करारात नसल्यामुळे काटा टिकतो, झिजत नाही. टेपा मात्र परत गोळा करा, त्यांवर आपला लोगो आहे. फक्त झेरॉक्सच्या राहू द्या.