बॉयलरची घरघर
मेकॅनिक दारात उभा राहिला की घर गरम ठेवणारा आमचा बॉयलर चिडीचूप! मग तो माझ्याकडेच संशयाने बघतो. अहो, गुडगुड होते ती रेडिएटरमधल्या (खोली तापवणाऱ्या, गरम पाणी खेळणाऱ्या पॅनेलमधल्या) हवेमुळे, एवढं मलाही कळतं. हवा सोडायची चावी फिरवली, फुस्स करून हवा गेली, गुडगुड थांबली. तापताना पाइप टकटक करतात, तेही सोडा. पाण्याच्या प्रेशरचा काटाही गार असताना १ ते १.५ बारमध्येच, म्हणजे ठीक. पण पातेल्यात आधण आल्यासारखी ही घरघर? हीट एक्स्चेंजरला, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी तापतं त्या भागाला, आतून क्षारांचा थर बसला की पाण्याची वाट अडते, पाणी जागच्या जागी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटत राहतात. हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं: ‘जुना झालाय, नवाच घ्या.’ अरे, आधी आतून साफ करून बघायला काय धाड भरलीय?